शून्यापैकी शून्य

(१९९८ च्या दहावीच्या बॅचच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, माजी विद्यार्थी निधीच्या सभेआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला विषय दिला होता 'माझी वाटचाल'. मी विचारलं, त्याऐवजी कॅरमवर बोलले तर चालेल का? फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग उत्तर आलं, "तू बोल गं, तुला कोण अडवणार?" ही परवानगीच आहे असं मी धरून चालले आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कामाचं स्वरूप सोप्या भाषेत सांगायचं तर आकडे साठवणं, त्यांची बेरीज बरोबर येते का पाहणं, आणि लोक त्या बेरजेवरून जे निष्कर्ष काढतात ते निघतात का हे तपासणं. घरी आल्यावर माणसाने काहीतरी वेगळं करावं. मी घरी आल्यावर कॅरमच्या स्पर्धांचे निकाल वाचते आणि पुन्हा आकडेच मोजते. त्यातही माझा आवडता विषय म्हणजे ब्रेक, बोर्डचा पहिला फटका. आज त्याबद्दल सांगणार आहे. दुपारी आपल्या निधीची सभा आहे आणि तिथे एक ठराव यायचा आहे. माझं बोलणं शेवटी त्या ठरावापाशी पोचेल, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको.

कॅरम आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला आहे. पण गल्लीतला कॅरम आणि स्पर्धेतला कॅरम यांत फरक आहे, म्हणून नियमांची थोडी उजळणी करते. बोर्डवर ९ पांढऱ्या सोंगट्या, ९ काळ्या आणि मधोमध राणी. ब्रेक करणाऱ्याच्या पांढऱ्या, समोरच्याच्या काळ्या. ज्याच्या सोंगट्या आधी संपतात त्याने बोर्ड जिंकला. समोरच्याच्या जितक्या सोंगट्या उरल्या तितके गुण आणि राणी कव्हरसह घेतलेली असेल तर तिचे ३. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, जे आधी होईल ते. तीनपैकी दोन गेम जिंकणारा सामना जिंकतो. ब्रेक आळीपाळीने मिळतो: पहिला बोर्ड मी फोडला तर दुसरा तुम्ही फोडायचा.

स्ट्रायकरचं वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम. एक सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची, म्हणजे मधल्या १९ सोंगट्यांचा ढीग शंभर ग्रॅमच्या आसपास. पंधरा ग्रॅमच्या स्ट्रायकरने शंभर ग्रॅमचा घट्ट लावलेला ढीग असा फोडायचा, की आपल्या सोंगट्या पॉकेटकडे जाव्यात आणि पुढचा फटकाही आपल्याकडेच राहावा. आपण शाळेत ढिगाकडे बघून डोळे मिटून जोरात मारायचो आणि त्याला ब्रेक म्हणायचो. स्पर्धेतला खेळाडू स्ट्रायकर कुठे ठेवायचा, कुठल्या सोंगटीला किती जाड लावायचा, जोर किती द्यायचा हे ठरवून मारतो. चांगल्या खेळाडूचा ब्रेक बसला, की तो त्याच पाळीत सगळ्या पांढऱ्या आणि राणी घेऊन बोर्ड संपवतो. समोरच्याला स्ट्रायकरला हातही लावायला मिळत नाही. याला म्हणतात व्हाईट स्लॅम. आपल्याकडच्या बोलीत 'ब्रेक टू फिनिश'. समोरच्याने ब्रेक केला, पण त्याची पाळी गेली, आणि मग दुसऱ्याने आपल्या पहिल्याच पाळीत सगळ्या काळ्या व राणी घेऊन बोर्ड संपवला, तर तो ब्लॅक स्लॅम, म्हणजे 'ब्लॅक टू फिनिश'.

महाराष्ट्राला कॅरमचं कौतुक आहे आणि ते असायलाच हवं. पुण्याचे योगेश परदेशी २००८ मध्ये फ्रान्समधल्या कान येथे विश्वविजेते झाले. मुंबईचे प्रशांत मोरे २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला. त्यामुळे राज्यातली कुठलीही मोठी स्पर्धा असली, की वर्तमानपत्रात बातमी येते आणि बातमीच्या शेवटी हमखास एक ओळ असते: या फेरीअखेर इतके ब्रेक टू फिनिश आणि इतके ब्लॅक टू फिनिश नोंदवले गेले. ही ओळ मला फार आवडते. कॅरमच्या बातमीत असा आकडा देण्याची पद्धत कुणीतरी पाडली, ती टिकली, ही मोठी गोष्ट आहे.

पण त्या ओळीत अर्धाच आकडा असतो. वरचा असतो, खालचा नसतो. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून नीट शब्दांत सांगते. अंश असतो, छेद नसतो. इतके ब्रेक टू फिनिश झाले. पण किती ब्रेकांपैकी?

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा एका स्पर्धेत १२८ खेळाडू आहेत. बाद पद्धतीत १२७ सामने होणार, कारण एक सोडून प्रत्येकाला एकदा हरायचं आहे. सामन्याला सरासरी १० बोर्ड धरले तर १२७० बोर्ड, म्हणजे १२७० ब्रेक. बातमी आली, ३८ ब्रेक टू फिनिश. दुसरीकडे निवडक १६ खेळाडूंची स्पर्धा आहे. १५ सामने, सरासरी १२ बोर्ड, म्हणजे १८० ब्रेक. बातमी आली, १८ ब्रेक टू फिनिश. वर्तमानपत्र वाचणारा म्हणेल, पहिल्या स्पर्धेत जास्त चांगला खेळ झाला. ३८ कुठे आणि १८ कुठे. भागाकार केला तर पहिल्या स्पर्धेत शंभर ब्रेकांमागे ३ आणि दुसऱ्या स्पर्धेत शंभरामागे १०. निष्कर्ष उलटा झाला. आकडे तेच आहेत, आपण फक्त खाली किती होतं ते विचारलं.

हा खालचा आकडा व्यवस्थित ठेवणारे लोक पूलच्या खेळात आहेत. पूल म्हणजे आता शहरात ठिकठिकाणी पार्लर असतात तो, काठीने चेंडू मारायचा खेळ. त्यातला नाईन बॉल हा व्यावसायिक स्पर्धांचा मुख्य प्रकार. १ ते ९ आकड्यांचे चेंडू, टेबलावरच्या सर्वात लहान आकड्याच्या चेंडूला आधी लागायला हवं, आणि ९ नंबरचा चेंडू नियमाने पॉकेटमध्ये घालणारा तो डाव, म्हणजे रॅक, जिंकतो. इथेही ब्रेक असतो आणि इथेही ब्रेकपासून शेवटपर्यंत एका दमात साफ करण्याला मान आहे.

अमेरिकेत पॅट फ्लेमिंग नावाचे व्यावसायिक खेळाडू होते. त्यांनी ॲक्यू-स्टॅट्स नावाने सामन्यांची मोजणी सुरू केली. त्यांचं सूत्र साधं आहे. खेळाडूने घातलेले चेंडू भागिले घातलेले चेंडू अधिक केलेल्या चुका. एकही चूक नसेल तर उत्तर १. म्हणजे नुसतं 'किती घातले' असं न विचारता 'किती घातले आणि किती बिघडवले' असं विचारायचं. ब्रेकचेही असेच वेगवेगळे रकाने करता येतात: ब्रेकवर चेंडू पडला का, ब्रेक करणाऱ्याने तो रॅक जिंकला का, आणि तो एका दमात संपवला का. तीन प्रश्न आणि तीन वेगळी उत्तरं. ब्रेकवर चेंडू पडला म्हणजे रॅक जिंकला असं होत नाही. आणि हे तिन्ही आकडे काढताना खाली एकच संख्या, एकूण ब्रेक किती केले.

खालचा आकडा किती महाग पडू शकतो याची एक खरी गोष्ट आहे. १९९६ साली अमेरिकेत डॅलसच्या एका स्पर्धेत बक्षीस जाहीर झालं होतं, जो खेळाडू सलग १० रॅक ब्रेकपासून साफ करेल त्याला १० लाख डॉलर. आयोजकांनी या बक्षिसाचा विमा उतरवला होता. अर्ल स्ट्रिकलँड नावाच्या खेळाडूने सलग ११ साफ केले. मग पैशांवरून विमा कंपनीशी बराच वाद झाला.

आता विमा उतरवणाऱ्याच्या जागी बसून गणित करू. समजा खेळाडू दहातले तीन रॅक असे साफ करतो. तर सलग दहा करण्याची शक्यता साधारण १ लाख ६९ हजारांत एक. विमा कंपनी आनंदाने सही करेल. पण समजा खेळाडू दहातले पाच साफ करतो. मग तीच शक्यता १०२४ मध्ये एक होते. तीनाचे पाच झाले आणि धोका दीडशेपटीहून जास्त वाढला. त्यात संधी घेणारे किती खेळाडू आहेत आणि त्यांच्या किती पाळ्या होणार हेही मोजायला हवं. गाजलेली खेळी सगळ्यांना दिसते. तिच्या खाली किती पाळ्या होत्या ते कुणीतरी वहीत लिहिलेलं असेल तरच कळतं.

आता पूलमधला एक मुद्दा सांगते, तो आपल्या कामाचा आहे. तिथे ब्रेक देण्याच्या दोन पद्धती आहेत. एक कॅरमसारखी, आळीपाळीने. दुसरी, जो रॅक जिंकेल त्यालाच पुढचा ब्रेक. दुसऱ्या पद्धतीत जिंकणारा जिंकत राहिला तर समोरचा खेळाडू खुर्चीत बसून राहतो. लोकांना वाटतं, ही पद्धत अन्यायाची आहे, यात आधी ब्रेक मिळालेल्याचीच जिंकण्याची शक्यता वाढते.

मी हे गणित करून पाहिलं. ९ रॅक आधी जिंकणारा सामना जिंकतो असं धरा. दोघं तुल्यबळ, आणि जो ब्रेक करतो तो दहातले सहा रॅक जिंकतो. उत्तर मजेशीर येतं. सामना जिंकण्याची शक्यता दोन्ही पद्धतींत अगदी तेवढीच राहते. कणभरही फरक नाही. हे सिद्ध करता येतं. जेवणाच्या वेळी ज्यांना हवं त्यांना कागदावर करून दाखवीन, बाकीच्यांनी जेवावं.

मग फरक कशात पडतो? धावफलकात. पहिला ब्रेक मिळालेल्याने ९-० ने जिंकण्याची शक्यता आळीपाळीच्या पद्धतीत हजारात २ आहे. 'जिंकेल त्याला ब्रेक' या पद्धतीत हजारात १०. पाचपट. आणि त्या ९-० मध्ये हरलेल्याला एकही ब्रेक मिळालेला नसतो. नऊच्या नऊ वेळा समोरच्यानेच फोडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तक्ता छापायचा झाला तर या खेळाडूच्या नावापुढे काय लिहाल? ब्रेकवर जिंकलेले रॅक, शून्य. वाचणारा म्हणेल, याला ब्रेक येतच नाही. पण त्याचा आकडा शून्यापैकी शून्य आहे. दहापैकी शून्य आणि शून्यापैकी शून्य या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणसाने दहा वेळा प्रयत्न केला आणि जमलं नाही. दुसऱ्यात आपल्याला त्याच्याबद्दल काहीही माहीत नाही. संगणकाला शून्याला शून्याने भागायला सांगितलं तर तो थांबतो, हे जमणार नाही म्हणून सांगतो. संगणकात शून्य वेगळं आणि रिकामी जागा वेगळी. आमच्या कामात नवीन मुलांना हे पहिल्या आठवड्यात शिकवावं लागतं: माहिती नसेल तिथे शून्य भरू नका, जागा रिकामी सोडा. बाई आपल्याला शिकवायच्या की शून्याने भागता येत नाही. माणसं मात्र सहज भागतात, आणि उत्तर शून्य लिहून मोकळी होतात.

आता आपल्या बॅचकडे येते.

या स्मरणिकेसाठी समितीने एक तक्ता केला आहे. आपल्यातले इतके अभियंते, इतके डॉक्टर, इतके शिक्षक, इतके सरकारी नोकरीत, इतके परदेशात, इतके उद्योजक. मेहनतीने केलेला तक्ता आहे आणि तो वाचून मलाही अभिमान वाटला. मी समितीकडे फक्त एक चौकशी केली, किती जणांपैकी? तेव्हा कळलं, की तक्ता व्हॉट्सॲप ग्रुपवरून केला आहे. ग्रुपवर आपण ४४ जण आहोत. मी शाळेत येऊन दहावीचा हजेरीपट पाहिला. त्यावर ६२ नावं आहेत. अठरा नावं तक्त्यात कुठेच नाहीत. त्या अठरांत अकरा मुली आहेत.

म्हणजे आपला तक्ता हा ब्रेक टू फिनिशची बातमी आहे. वरचा आकडा आहे, खालचा नाही.

गेल्या दोन महिन्यांत मी त्या अठरांपैकी सात जणांपर्यंत पोचले. कुणाच्या भावाकडून, कुणाच्या माहेरच्या शेजाऱ्यांकडून नंबर मिळाले. सातही जणांना मी एकच प्रश्न विचारला, दहावीनंतर जूनमध्ये काय झालं? आपली शाळा दहावीपर्यंतच होती. अकरावीसाठी पडेगाव सोडून छावणी, नगर नाका ओलांडून शहरात जावं लागायचं. आज ते अंतर कुणाला अंतर वाटत नाही. १९९८ मध्ये सोळा वर्षांच्या मुलीला रोज एकटीने बसने पाठवायचं की नाही, हा घराघरातला मोठा प्रश्न होता. सातांतल्या चौघींनी मला बसचं कारण सांगितलं. एकाच्या वडिलांचं काम त्याच महिन्यात सुटलं होतं. एकीला लहान भावंडं सांभाळायची होती. नापास झालो म्हणून सुटलं, असं सांगणारा एकच निघाला.

ज्या चौघींनी बसचं कारण सांगितलं, त्यांतली एक आपल्या वर्गातली सर्वात चांगली कॅरम खेळणारी. तुम्हाला आठवत असेल, शाळेत एकच बोर्ड होता. मधल्या सुट्टीत तो मुलांकडे असायचा आणि मुलींना शनिवारी शाळा सुटल्यावर मिळायचा, तोही शिपाईमामा खोलीला कुलूप लावेपर्यंत. एवढ्या वेळात ती समोरची राणी रिबाउंडने घ्यायची. दहावीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. नाव घ्यायचं नाही या अटीवर तिने मला हे सांगायची परवानगी दिली आहे. ती म्हणाली, "निकाल बघायला मी आले होते. पण अकरावीचा फॉर्म आणायला कुणी गेलंच नाही."

आणि माझं काय झालं? माझी मावशी उस्मानपुऱ्यात राहायची. अकरावी-बारावी मी तिच्याकडे राहून केली, पुढे अभियांत्रिकीला तिथूनच गेले. अभ्यास मी केला, त्याचं श्रेय मी घेते. कमीपणा घेऊन बोलायची मला सवय नाही. पण ब्रेक माझ्या मावशीच्या घराने दिला. तिच्या नावापुढे तो रकाना रिकामा आहे. आपल्या तक्त्यात मी एक आहे आणि ती शून्य. हा तक्ता चुकलेला आहे.

इथे काही जणांच्या मनात एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. आपल्यात असेही आहेत ज्यांना काहीच मिळालं नव्हतं आणि तरी ते उभे राहिले. समोर बसलेल्यांपैकी एकाने वाळूजला रात्रपाळी करत बारावी बाहेरून दिली. एकाने रिक्षा चालवली आणि आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, चार मुलं त्याच्याकडे कामाला आहेत. हे आपले ब्लॅक टू फिनिशवाले. डाव दुसऱ्याने फोडला, सोंगट्या दुसऱ्याच्या सोयीने पसरल्या, आणि यांनी त्यातून आपल्या काळ्या काढल्या. त्यांना माझा नमस्कार. पण कॅरमच्या बातमीत ब्लॅक टू फिनिशचा आकडा सहसा लहान असतो, कारण ते अवघड असतं. दोघांनी ते केलं म्हणून सगळ्यांनी तसंच करावं, अशी शाळेची योजना असू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की संधी दिली म्हणजे सगळे पुढे जातील का? नाही जाणार. कॅरमच्या नियमात याचंही उत्तर आहे. एका बोर्डात जास्तीत जास्त १२ गुण मिळतात, समोरच्याच्या ९ सोंगट्या आणि राणीचे ३. पहिला ब्रेक तुमचा, तुम्ही ब्रेक टू फिनिश केला, १२. तिसरा बोर्डही तुमचा, पुन्हा ब्रेक टू फिनिश, २४. गेम २५ चा आहे! दोनदा बोर्ड पूर्ण साफ केला तरी एक गुण कमी पडतो, आणि मधला बोर्ड समोरच्याने फोडलेला असतो. तिथे काहीतरी कमवावं लागतं, नाहीतर पुढच्या पाळीची वाट पाहावी लागते. तेव्हा ब्रेक मिळाला म्हणजे गेम मिळाला, असं माझं म्हणणं नाही. उरलेला गुण ज्याचा त्याने मिळवायचा. पण ब्रेक आळीपाळीने मिळेल, एवढी जबाबदारी नियम करणाऱ्यांची असते.

निधीच्या बाबतीत नियम करणारे आज आपण आहोत. दुपारच्या सभेपुढचा ठराव असा आहे, की दरवर्षी दहावीत पहिल्या तीन येणाऱ्यांना निधीतून रोख बक्षीस आणि चषक द्यावा. पहिल्या आलेल्या मुलांचं कौतुक झालंच पाहिजे. त्यांना शाल द्या, पुस्तक द्या, सरांच्या हस्ते सत्कार करा, टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत बसेन. पण निधीचा पैसा तिथे जाऊ नये असं माझं मत आहे. पहिली आलेली मुलं अकरावीला जातातच. त्यांचा फॉर्म आणायला कुणीतरी गेलेलं असतं. म्हणून ठरावाला मी तीन दुरुस्त्या सुचवणार आहे आणि त्यावर मतदान घ्यावं अशी विनंती करणार आहे.

पहिली: निधीतून दहावी पास झालेल्या आणि गरज असलेल्या प्रत्येक मुला-मुलीला अकरावी-बारावीचा बसचा पास. ज्यांच्या घरी पाठवायला नको म्हणतात, त्यांच्या घरी आपल्यातल्या दोघींनी जाऊन बसायचं. पैशांपेक्षा ते जास्त कामाचं आहे आणि त्यासाठी मी माझं नाव आत्ताच देते.

दुसरी: निकालानंतरचा पहिला शनिवार हा फॉर्म भरण्याचा दिवस. शाळेच्या या हॉलमध्ये आपल्यातले दहा जण बसतील. मुलं आणि पालक येतील. कुठल्या शाखेला काय लागतं, शिष्यवृत्ती कुठली, आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे अर्ज कधी निघतात, हे सांगायचं आणि फॉर्म तिथेच भरून द्यायचे. प्रवेशाचं शुल्क अडत असेल तर निधीतून.

तिसरी: एक वही. त्यात दरवर्षीच्या दहावीच्या पटावरची सगळी नावं. पुढे रकाने: फॉर्म भरला का, प्रवेश झाला का, एका वर्षाने शिकतेय का, तीन वर्षांनी काय करतेय. आणि नियम एकच. चौकशी केली नसेल तिथे शून्य लिहायचं नाही, नापास लिहायचं नाही, 'शिक्षण सोडलं' असंही लिहायचं नाही. रेघ मारायची. म्हणजे कुणाकडे जायचं राहिलंय ते पुढच्या वर्षीच्या माणसाला कळेल. दरवर्षी वार्षिक सभेत आकडा वाचायचा तो दोन संख्यांचा वाचायचा, इतक्यांपैकी इतके.

हे काही फार खर्चाचं काम नाही. हिशेब मी समितीला दिला आहे, तो तपासून घ्यावा. वहीचं सॉफ्टवेअर करून दे, असं कुणीतरी आत्ता म्हणणार आहे. करून देईन. पण पहिली दोन वर्षं कागदाचीच वही असू द्या, शाळेच्या कपाटात, म्हणजे कुणालाही उघडता येईल.

ज्या मैत्रिणीबद्दल मी बोलले, तिच्याशी फोनवर तासभर बोलणं झालं. ती शिवणकाम करते, घर चालवते. जुन्या आठवणी निघाल्या, हसलो. तुला स्नेहमेळाव्याला यायचंय का, असं विचारलं तर म्हणाली, बघू. मग फोन ठेवायच्या आधी तिने मला विचारलं, "माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिला सायन्सला घालायचं म्हणतेय. फॉर्म कुठे मिळतो गं?"

मी तिला सांगितलं, की निकाल लागला की मला फोन कर. पण हे उत्तर एका मुलीपुरतं झालं. यंदा दहावीच्या वर्गात आणखीही मुलं-मुली बसलेली आहेत आणि प्रत्येकाच्या आईकडे माझा नंबर नाही. शाळेकडे मात्र सगळ्यांची नावं आहेत.

उरलेल्या अकरा वर्गमित्रांची नावं मी एका कागदावर लिहून आणली आहेत. कागद हॉलच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. यातलं कुणी तुमच्या नात्यात, शेजारात, ओळखीत असेल तर त्यांना विचारून नावापुढे फोन नंबर लिहा. सभा दोन वाजता आहे. मत कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. फक्त जेवून घरी जाऊ नका, सभेला थांबा.